दिलेली तारीख

टेलरमास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही कपडा सांगितलेल्या दिवशी दिला नव्हता. गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन खाऊन त्यांचं बीपी वाढलं, तेव्हा बायकोने खडसावलं, "अहो, आठवड्याचं काम आधीच आखून घेत जा. डोक्याचा ताप कमी होईल आणि संध्याकाळी माणसासारखे घरी तरी याल!"

मास्तरांनी मनावर घेतलं. कटिंग कधी, शिलाई कधी, काजं-बटणं कधी, सगळं ठरवून टाकलं. सोमवारी कबूल केलेले कपडे चक्क सोमवारी सकाळीच इस्त्री होऊन दुकानात टांगले गेले. मग मास्तर मशीनवर पाय टाकून ऐटीत बसले.

दिवसभर चिटपाखरू फिरकलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. गिऱ्हाईक तुटलं की काय, या धास्तीने मास्तरांचं बीपी आणखीनच चढलं.

पुढच्या सोमवारी एक बाई तावातावाने दुकानात शिरल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मास्तरांनी त्यांचा ड्रेस पुढे केला. बाई जागच्या जागी गार.



"अगंबाई, झालासुद्धा? मी तर आज नुसती भांडायला आले होते, न्यायला पुढच्या आठवड्यात येणार होते!"