आधी बँकेची किल्ली

सकाळी सव्वादहाला बँकेचे लॉकर सांभाळणारी बाई रजेवरून कामावर परतली. लघवीची अनावर घाई थांबावी म्हणून दोन महिने ती दवाखान्यातल्या, ओटीपोटाचे स्नायू बळकट करणाऱ्या चुंबकाच्या खुर्चीवर बसली होती. परवा शेवटच्या बैठकीनंतर तंत्रज्ञ म्हणाली, "जिंकलात, ताई!" बँकेच्या साहेबांनी मात्र रजेवर जाताना बजावलं होतं, "पुन्हा फरशी ओली झाली, तर नोकरी विसरा." लॉकर उघडायला आलेल्या आजोबांनी चिडवलं, "काय हो, माहेरपण संपलं वाटतं?" ती हसली. लॉकरला आधी बँकेची किल्ली लागते, मग ग्राहकाची. किल्ली फिरवली की आवरेनासं होतं, हे डॉक्टरांना सांगणं तिला वेडगळ वाटलं होतं. दवाखान्यात तर कुलूपच नव्हतं. तिने किल्ली फिरवली. खट्ट झालं आणि पोटऱ्यांवरून ऊब ओघळली. "आता माझी लावू ना?" आजोबांनी विचारलं. तिला हलता येईना. साहेब आत येत होते. किल्ली कुलपातच होती.