‘माया’ नावाचं बटण

बाईंनी मिक्सर उलटा केला, चार स्क्रू काढले आणि तिसऱ्या बटणाची तार बोटाने चाचपत नेली. बटणाचं नाव ‘माया’. तार मोटारीकडे गेलीच नव्हती. एका निळ्या दिव्यापाशी येऊन संपली होती.

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना मिक्सर बनवणाऱ्या कंपनीने तपासणी प्रमुख नेमलं होतं. इथेही सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत.

त्यांनी कागदावर लिहिलं, ‘नापास. बटण खोटं आहे.’ कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेब चिडले नाहीत. “छान! फक्त जरा कडक शब्दांत लिहा ना, बाई. तुमच्याच अक्षरात.”

बाई बुचकळ्यात पडल्या. नापास केल्यावर खूश होणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

मग दर आठवड्याला मिक्सर परत यायचा. कधी दिवा हिरवा, कधी बटण गोल. तार मात्र दिव्यापाशीच संपायची. बाई लाल शाईने शेरा मारायच्या आणि साहेब तो कागद जपून फाइलला लावायचे.

घरी आणखीच घोळ. नमुना म्हणून आणलेला मिक्सर सासूबाईंना भलताच आवडला.

“माया दाबलं की वाटण कसं लोण्यासारखं होतं, बघ.”

“अहो आई, त्याने नुसता दिवा लागतो.”

“म्हणजे माझी जीभ खोटी?”

बाईंनी चाखून पाहिलं. त्यांनाही फरक वाटला. त्या चरकल्या. आपलंच तर चुकत नाही? पुन्हा स्क्रू काढले. तार होती तिथेच.

नवव्या वेळी त्यांनी लिहिलं, ‘जीव गेला तरी सही करणार नाही,’ आणि सोबत राजीनामा जोडला.

साहेबांनी उठून हात जोडले. “उपकार झाले, बाई!”

पंधरा दिवसांनी बाजारातल्या एका दुकानात झुंबड दिसली. खोक्यांवर लाल अक्षरात बाईंचे नऊच्या नऊ शेरे छापलेले. खाली ठळक ओळ: ‘आमच्या कडक बाईंनी नऊ वेळा नापास केला. दहाव्यांदा हसून सही केली!’

“साफ खोटं आहे हे!” बाईंचा आवाज चिरकला. “त्या बाईंनी सही केलीच नाही. त्या नोकरी सोडून गेल्या.”

दुकानदाराने खोकं बांधता बांधता त्यांची समजूत घातली, “काकू, कशाला मनाला लावून घेता? अशी बाई खरी थोडीच असते! जाहिरातवाले बनवतात असली माणसं.”