नासपतीनंतर गुलाब

आमच्या दुकानातल्या नव्या सेंटच्या दोनशेच बाटल्या बाजारात आल्या. नवऱ्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. आमच्या कपाटाला एकच किल्ली आहे.

मी सेंटच्या काउंटरवर काम करते. या सेंटचा वास आधी नासपतीसारखा येतो, तासाभराने गुलाबासारखा, शेवटी चंदनासारखा. पण तो बदलतो अंगाच्या उबेने. कापडावर तो होता तसाच राहतो.

आज दुपारी लवकर घरी आले, तर नवऱ्याच्या शर्टाला ताज्या नासपतीचा वास!

"कोण आली होती?"

"अगं, लंगड्याकडे कोण येणार? दुकानातून तूच आणला असशील."

"माझ्या नाकाला शिकवू नकोस! काढ तो शर्ट. तुझ्या आईलाच बोलावते, हुंगू दे तिला!"

पुरावा म्हणून शर्ट कपाटात कोंडला आणि किल्ली मुठीत धरून समोर बसले.

तीन वाजता सासूबाईंना दाखवायला कपाट उघडलं. हँगरवरच्या रिकाम्या शर्टाला गुलाबाचा वास येत होता. बाही कोमट लागली. सासूबाई चपला घालून निघून गेल्या.

मी पुन्हा कुलूप लावलं. सहा वाजता किल्लीच्या भोकातून चंदनाचा वास यायला लागला.

नवऱ्याला मी एक वाजताच घराबाहेर काढलं होतं.