छतावरचा डाग

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून तिने ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि मान वर करून डागाकडे पाहिलं. डाग तिचाच होता. वरच्या मजल्यावरच्या तिच्या भाड्याच्या घरातून झिरपत झिरपत तो खाली आला होता आणि नेमका घरमालकांच्या आईच्या खाटेच्या वर, छताला येऊन बसला होता.

खाटेवर आजी उताण्या पडून होत्या. सात महिन्यांपूर्वी झटका आला, अर्धं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर वाचाही गेली. एके काळी या बाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दूधवाला दूध न देताच पळायचा, असं सगळी इमारत सांगत असे. आता नुसते डोळे तेवढे हलत.

दारात घरमालक हाताची घडी घालून उभे होते. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. निवृत्त झाले तरी टेप काही हातातून सुटली नव्हती. डाग दिसला तेव्हापासून दर रविवारी ते शिडीवर चढायचे, डागाच्या कडेकडेने पेन्सिलीची रेघ ओढायचे आणि बाजूला बारीक अक्षरात तारीख घालायचे. पुरावा नको? अशा नऊ रेघा झाल्या होत्या, एकीच्या बाहेर एक.

"आई याच्याखाली झोपते माझी," गेल्या रविवारी ते म्हणाले होते. "दिवसभर बिचारी तेच बघत पडते. पुढच्या रविवारी हा डाग इथे दिसता कामा नये, ताई. नाहीतर तुमचे मासे तरी जातील, नाहीतर तुम्ही."

चूक तिचीच होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ती. केसाएवढी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि घरी मात्र दिव्याखाली अंधार. माशांच्या टाकीत हवा सोडणारा पंप तिने टाकीच्या खाली, जमिनीवर ठेवला होता. दुपारी वीज गेली की त्याच नळीतून पाणी उलटं खाली यायचं आणि थेंब थेंब फरशीत मुरायचं. तेव्हा ती दुकानात. संध्याकाळी टाकीतलं पाणी दोन बोटं कमी दिसलं की 'उन्हाने आटलं असेल' म्हणून ती वरून मगभर ओतून मोकळी व्हायची. प्लंबर दोनदा येऊन गेला, नळ सगळे ठीक निघाले. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी वीज गेली तेव्हा तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. तिने पंप उचलून टाकीच्या वरच्या फळीवर ठेवला. थेंब थांबला. डाग वाळला, पण गेला नाही.

आणि मासे द्यायचे तरी कसे? संध्याकाळी दार उघडलं की अंधाऱ्या खोलीत तेवढी टाकी उजळलेली असे. पाण्याची सावली भिंतींवर हळूहळू हलत राही. चपला काढायच्या आधी ती त्यांना दिवसभराची हकिकत सांगायची. त्यातला मोठा नारिंगी मासा, साहेब, तोंडाची उघडझाप करत सगळं ऐकून घ्यायचा आणि मंजुरी दिल्यासारखा वळून निघून जायचा. एवढ्या मोठ्या शहरात तिचं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. साहेबाशिवाय ते घर तिला नकोच होतं.

दुपार सुस्त होती. खिडकीचे निळे पडदे वाऱ्याने फुगत होते, बसत होते, आणि खोलीतला उजेड पाण्यासारखा हेलकावत होता. तिला क्षणभर वाटलं, आपणच टाकीच्या तळाशी उभ्या आहोत. कुठे घाई नाही, कुठे आवाज नाही. तिने ब्रश उचलला आणि डागाच्या कडेवर पहिला हात मारला. नववी तारीख पुसली गेली.

"नको."

तिला वाटलं, घरमालकच बोलले. वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. ते खाटेकडे बघत होते.

"पुसू नको गं," आजी म्हणाल्या. चिखलातून पाय काढावा तसा एकेक शब्द बाहेर येत होता. "पोहतोय तो."

ती शिडीवरून उतरली, आजींच्या उशीशी वाकली आणि त्यांच्या डोक्याला डोकं लावून वर पाहिलं. गोल पोट होतं. पुढे निमुळतं होत गेलेलं तोंड होतं. रंगाचा पोपडा उडाला होता तिथे डोळा होता. आणि अंगभर पेन्सिलीच्या नऊ रेघा, एकीवर एक, खवल्यांसारख्या. पडदा फुगला की उजेड हलायचा आणि तो थोडासा पुढे सरकायचा.

घरमालक खाटेजवळ येऊन खाली बसले. टेप हातातून सुटून खाटेखाली घरंगळत गेली.

"आई, बोललीस तू?"

आजींनी तिकडे लक्षच दिलं नाही. "दोन आठवडे झाले, वाढलाच नाही मेला," त्या जुन्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "शेपटी राहिलीय त्याची."

घरमालकांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. त्यांनी वर छताकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळले आणि जरा घुटमळले. कुणाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तो पंप परत खाली ठेवता येईल का? शेपटी होईपर्यंत."