पिठातली घरं

खट्.

ओव्हनचा लाल दिवा गेला. स्वयंपाकघरात कुणी बोलत नव्हतं, म्हणून तो एवढासा आवाज फारच मोठा वाटला.

"आई, तो मेला?" मुलीने विचारलं.

"शुभ बोल गं."

आईने प्लग काढला, परत लावला, ओव्हनच्या डोक्यावर एक चापट मारली. काही नाही. टेबलावर ओल्या फडक्याखाली पीठ फुगत होतं. उद्या सकाळी चर्चच्या उपासनेत प्रभुभोजन होतं, आणि त्यात सगळ्यांना वाटायचा या महिन्याचा पाव त्यांच्या घरून जायचा होता.

मळायची पद्धत सासूबाईंची. मळताना गप्पा मारायच्या नाहीत. चर्चमधल्या एकेका घराचं नाव घ्यायचं, त्या घरासाठी मनात मागायचं आणि तळव्याने पीठ एकदा दाबायचं. बाकांवर माणसं जशी बसतात, त्याच क्रमाने. पाळकसाहेबांचं घर. घड्याळवाल्यांचं घर. खोकणाऱ्या आजोबांचं घर. मुलगी मोजायला बसली होती. हाताची बोटं संपली तेव्हा तिने मोजे काढले होते.

"झाली सगळी?" मुलीने विचारलं होतं.

"झाली," आई म्हणाली होती.

झाली नव्हती. तिसऱ्या बाकावर मोठी जाऊ बसते. तिथे आल्यावर तिने पीठ नुसतं उलटवलं होतं आणि पुढचं नाव घेतलं होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"मी सुटेपर्यंत अंधार पडेल," तो म्हणाला. "वहिनीकडे आहे की ओव्हन. एका भिंतीचा तर प्रश्न आहे."

"भिंत मलाही दिसते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या उशाशी तीच होती. जाऊ धावत आली, सगळं बघितलं आणि एकच वाक्य बोलली होती. "तुझा डोळा लागला, म्हणून त्या एकट्या गेल्या." त्याला आठ महिने झाले. एकाच जिन्यावर शेजारी-शेजारी दोन दारं, आणि आता एक उघडायचं असलं की आधी दुसऱ्याची चाहूल घेतली जायची.

ती स्टुलावर बसली. पिठाचे हात मांडीवर उलटे ठेवून तिने डोळे मिटले. मागायचं होतं ओव्हनचं. तोंडून भलतंच आलं.

"मी झोपले होते, प्रभू."

एवढंच. आठ महिन्यांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. नळ ठिबकत होता तसाच ठिबकत राहिला. पण कितीतरी दिवसांनी श्वास अगदी पोटापर्यंत गेला, आणि बाहेर येताना सोबत काहीतरी घेऊन आला. कुणीतरी शेजारी बसलंय आणि त्याला मुळीच घाई नाही, असं वाटलं.

"चल," तिने पिठाची परात उचलत मुलीला म्हटलं. "फडकं उडू देऊ नकोस."

दार जावेनेच उघडलं. चष्मा कपाळावर, हातात झाडू. तिने आधी परात बघितली, मग धाकट्या जावेकडे, मग पोरीच्या अनवाणी पायांकडे.

"ओव्हन गेला, ताई."

"आज?"

"आत्ता."

"तो बदलून टाक, असं सासूबाईच सांगत होत्या तुला."

"सांगत होत्या."

जावेने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून तिच्याकडे पाहिलं. बहुधा तिला उलट उत्तराची सवय होती.

"ये आत. दारात काय उभी, मीटर बघायला आल्यासारखी?"

टेबलावरचा पसारा जावेने कोपराने एका कडेला लोटला, फडकं उचललं, पिठात बोट खुपसून पाहिलं. "जिन्यातलं वारं लागलं. बसलंय. पुन्हा थोडं मळून घे, तोवर मी हा तापवते."

धाकटी हात धुवायला गेली. मुलगी खुर्चीवर चढली, पाय वर घेऊन बसली.

"काकू, तुझा नंबर असतो तेव्हा तूपण घरांची नावं घेतेस?"

"घेते तर."

"आमचं?"

"तुमचं दोनदा."

"दोनदा का?"

"पहिल्यांदा दात-ओठ खात घेतलं जातं," जाऊ ओव्हनचं बटण फिरवत म्हणाली. "ते देवाच्या दारात कोण घेणार? मग परत एकदा नीट."

मुलगी खिदळली. तिची आई नळापाशी तशीच उभी राहिली. हात केव्हाच धुऊन झाले होते.

ओव्हनचा दिवा लागला. जाऊ पाठमोरीच होती.

"तीन रात्री जागी होतीस तू," ती ओव्हनला सांगावं तशी बोलली. "मला माहीत होतं. बोलले तेव्हाही माहीत होतं."

धाकटीने हात पुसले. टेबलापाशी आली. तिने पिठात हात घातला. पीठ अजून कोमट होतं. तिने डोळे मिटले, ओठ किंचित हलले, आणि तळवा सावकाश, खोलवर दाबला. मग आणखी एकदा.

मुलीने पायाचं पुढचं बोट पकडलं आणि बुचकळ्यात पडून आईकडे पाहिलं.

"पण आई, सगळी घरं तर झाली होती ना? हे कुणाचं राहिलं होतं?"