माणूस बघून वागणारं ॲप

वृंदाची आई गेल्यापासून एकटे राहणारे अप्पा चष्मा शोधत होते. "राहू द्या," वृंदा म्हणाली. "मी बनवलेलं नवं ॲप टाकलंय तुमच्या फोनमध्ये. तुम्ही डोळे बारीक केलेत की मेसेज तेच वाचून दाखवतं."

फोन वाजला. अप्पांनी डोळे बारीक केले.

"गॅस एजन्सीकडून मेसेज," फोन खणखणीत आवाजात म्हणाला. "आपल्या दोघांच्या लग्नाचं मुलीला सांगितलंत का? किती घाबराल?"

अप्पांनी फोन उशीखाली कोंबला. "आजूबाजूला कोण आहे ते बघायला नाही शिकवलंस याला?"

"ते राहिलंच," वृंदा म्हणाली.

उशीखालून प्रश्न आला, "काय उत्तर पाठवू?"

वृंदाने उशी उचलली. "आत्ताच सांगितलं म्हणून कळव. आणि मुलगी हसतेय, तेही कळव."