जाळ्याचा नियम

डोंग्यात चढताना लीलाधरचा पाय दुसऱ्यांदा घसरला. जाळं ओढायला जमलेले बाराही जण एकमेकांकडे बघू लागले. थंडीचे दिवस, तरी त्याचा सदरा घामाने ओला झाला होता.

"बाबा, मले कसंतरी होऊन राहिलं," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

बापाचं, धनीरामचं, डोकं तडकलं. प्यालेल्याने जाळ्याला हात लावायचा नाही, हा नियम त्यानेच मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष झाल्यावर केला होता. त्यापायी पुंडलिकरावच्या भावाला त्याने चारचौघांत परत पाठवलं होतं. आता पुंडलिकराव मिशीत हसत होता.

"अध्यक्षाच्या पोराले नियम नाही का जी?"

लीलाधरचं स्वादुपिंड लहानपणापासून खराब. असं दुखणं दारूनेच होतं, हे गावाने केव्हाच ठरवून टाकलेलं. ऐकून ऐकून धनीराम कावला होता.

"जाय, पाळीवर झोप," तो पोरावर खेकसला. "उतरंन मंग ये."

लीलाधर काहीतरी बोलायला गेला, पण शब्द जुळेनात. तो धडपडत तलावाच्या पाळीवर गेला. दोन तास जाळं चाललं. धनीरामने एकदाच वळून पाहिलं. पोरगा कुशीवर निजला होता. बापाला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्याला या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

सून रुपा शिदोरी घेऊन आली, नवऱ्याला हलवलं आणि तिने हंबरडाच फोडला.

"मामाजी, सकाळी इन्सुलिन घेतलं अन् तसेच निघाले हे. जेवलेच नाही."

तिने त्याच्या ओठांत साखर घातली. दातखीळ बसलेली, साखर बाहेरच सांडली.

भंडाऱ्याच्या वाटेवर पोराचं डोकं मांडीवर होतं आणि धनीरामला जुन्या डॉक्टरांचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. साखर उतरवणारं संप्रेरक याच्या शरीरात बनत नाही, म्हणून इंजेक्शन. पण घसरलेली साखर वर आणणारंही आता बनत नाही. घसरली की घसरतच जाईल. माणूस झिंगल्यासारखा दिसेल, लगेच गोड द्या. तेव्हा धनीरामने मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीण बाईंनी डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, म्हणाल्या. शुद्धीवर येईल की नाही, आज सांगता येणार नाही. मग त्यांनी कागद पुढे ओढला.

"स्वादुपिंड खराब आहे म्हणता. दारू कधीपासून पितो?"

धनीरामला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"नाही जी मॅडम. माहा पोरगा जिंदगीत कधी प्याला नाही."